उशिरा उतरवलेली द्राक्षं

मॉरिसव्हिल, ११ जून २००६

प्रिय शरयूमावशी,

नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ईमेल तुम्ही उघडत नाही, म्हणून हे पत्र. अनीश हसतोय. म्हणतो, "माझी मावशी एडिसनला राहते की पेशवाईत?"

मला इथे येऊन दोन वर्षं झाली. अनीश सकाळी आठला जातो, संध्याकाळी सातला येतो. माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नाही. शेतीशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या बाईने तोच ओटा दिवसातून किती वेळा पुसायचा? म्हणून मार्चपासून मी रॅलेला एक क्लास लावलाय. वाइनचा. प्यायचा नाही हो, ओळखायचा.

रोज सकाळी दहाला सिंकपाशी चार ग्लास मांडते. वास घेते, तोंडात घोळवते, थुंकते. कधीकधी थोडं गिळलंही जातं. क्लासचं अनीशला माहीत आहे, 'छान हॉबी आहे' म्हणतो. पण हे सकाळचे ग्लास त्याला माहीत नाहीत. तो यायच्या आधी मी वेलदोडा चघळते. तुमच्या बहिणीला, म्हणजे आमच्या आईंना, नागपुरात यातलं काहीच ठाऊक नाही. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, तुम्हाला सांगितलं. रागावू नका.

तुमची,
सुलेखा


एडिसन, २० जून २००६

चि. सुलेखा,

अनेक आशीर्वाद आणि एक दम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. सकाळी दहा वाजता, एकटीने, नवऱ्यापासून लपवून, वर वेलदोडा. तीस वर्षं हॉस्पिटलात काढली आहेत मी. याला काय म्हणतात ते मला तू शिकवू नकोस. 'ओळखायचा' म्हणे! सगळे असंच काहीतरी म्हणतात.

सोबत बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या पाठवते. मागच्या कागदावर तुमच्या भागातल्या दोन डॉक्टरांचे नंबर आहेत, दोघेही तोंडाचे घट्ट आहेत. सुवर्णाला, तुझ्या सासूला, मी काही कळवणार नाही, अनीशलाही नाही. पण तू मला खरं लिही. दिवसाला किती?

रिकामपण काय असतं ते मला ठाऊक आहे. १९७१ साली मला भूलशास्त्र शिकायला बॉस्टनला जायचं होतं. जागा मिळाली नाही. म्हणून मी काही बाटली जवळ केली नाही. इथल्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले आणि तिथूनच रिटायर झाले. जे मिळालं नाही ते सोडून द्यावं, म्हणजे त्रास होत नाही.

त्र्यंबककाकांना तुझं पत्र दाखवलेलं नाही. ते बेसबॉल बघताहेत.

शरयूमावशी


मॉरिसव्हिल, २ जुलै २००६

प्रिय मावशी,

आधी हसले, मग रडू आलं, मग गोळ्या डब्यात ठेवल्या. मावशी, दिवसाला किती म्हणून विचारलंत ना? चार ग्लासांत मिळून अर्धी वाटी, आणि त्यातली बहुतेक सिंकमध्ये. मी बिघडलेली नाही. मी गोंधळलेली आहे, आणि त्याला कारण जर्मनी आहे.

फ्रान्स झालं, इटली झालं. जर्मनीत येऊन मी बसलेच. पहिल्याच दिवशी बाईंनी एक जुनी रिस्लिंग दिली. ही तिथल्या पांढऱ्या द्राक्षांची वाइन. मी नाकाशी नेली आणि हात वर केला. "मॅडम, यात भेसळ आहे." वर्ग माझ्याकडे वळला. म्हटलं, "यात रॉकेल आहे." आमच्या दिंडोरीच्या रेशन दुकानात रांगेत उभी राहून मोठी झालेय मी, तो वास मला झोपेतही कळेल. बाई खुर्चीतून उठून आल्या. म्हणाल्या, मुरलेल्या रिस्लिंगला तसा वास येतोच, आणि तो एवढ्या चटकन कुणी ओळखत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र अजून पटलेलं नाही. चांगल्या मालाला रॉकेलचा वास? सरावाच्या परीक्षेत मी दोनदा 'खराब' लिहून आले आणि दोन्ही वेळा मार्क गेले.

एक गोष्ट तेवढी पहिल्या तासालाच कळली, ती म्हणजे त्यांचा कायदा. १९७१ सालचा आहे. तिथे वाइनचा दर्जा द्राक्षं तोडताना त्यांत साखर किती उतरली होती त्यावर ठरतो. काबिनेट, त्याच्या वर स्पेटलेझे, त्याच्या वर आउसलेझे, असं चढत जातं. वर्गातले सगळे डोकं धरून बसले होते आणि मला आमचे दादा, म्हणजे माझे वडील, दिसत होते, मण्याचा एक थेंब यंत्राच्या काचेवर टाकून, एक डोळा मिटून, उन्हाकडे बघणारे. ब्रिक्स, म्हणजे साखरेचं माप, अठराच्या वर गेल्याशिवाय एक्स्पोर्टचा माल उतरवायचा नाही. म्हणजे जर्मनांनी आमच्या दादांचाच कायदा केलाय.

आणि लेबलवरचं नाव म्हणजे निव्वळ सातबारा. आधी गाव, मग शिवार. गावाला 'अर' लावतात, आपण 'कर' लावतो तसं. पीसपोर्टचा तो पीसपोर्टर, पिंपळगावचा तो पिंपळगावकर.

आम्ही पंधरा तारखेला नव्या टाउनहाउसमध्ये जातोय. पत्ता खाली लिहिलाय, डायरीत उतरवून घ्या.

सुलेखा


एडिसन, ३० जुलै २००६

चि. सुलेखा,

डॉक्टरांचे नंबर फाडून टाक. गोळ्या मात्र घे, अंगाला लागतील.

तुझा सातबारा माझ्या डोक्यात बसला आणि जाईना. ओक ट्री रोडला मेथी आणायला गेले होते, तिथून पुढे चालत जाऊन आयुष्यात पहिल्यांदा दारूच्या दुकानात शिरले. काउंटरवरचा मुलगा गुजराती निघाला. "मासी, किसके लिए चाहिए?" म्हटलं, अभ्यासाला. त्याने माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. दोन बाटल्या घेतल्या, मेथीखाली लपवल्या आणि दारातच मंडळातली उत्तरा भेटली. तिने पिशवी धरायला हात पुढे केला. मी म्हटलं, नको गं, मेथी चुरगळेल. आता गणपतीपर्यंत माझी चर्चा होणार.

आता मला सांग. दोन्ही बाटल्यांवर पीसपोर्टर. पुढे एकीवर एक नाव, दुसरीवर दुसरं. तू सांगितल्याप्रमाणे मी दोन्ही शिवारं धरली. मुलगा म्हणाला, एक खरंच एक मळा आहे आणि दुसरं म्हणजे पंचक्रोशीतल्या अनेक मळ्यांना दिलेलं मोठं नाव. म्हटलं, मग लेबलवर तसं लिहिलंय कुठे? म्हणाला, "नहीं लिखते, मासी." हा कसला कायदा? आमच्या लॅबमध्ये दोन पेशंटांच्या नळ्यांवर असली लेबलं लावली असती तर मला घरी बसवलं असतं. बारीक अक्षरात एक तपासणी नंबर आहे, प्रत्येक माल सरकारी माणसं चाखून पास करतात म्हणे. ते मला आवडलं. पण नंबरावरून तरी मळा कळतो का? तोही नाही!

दुसरी शंका. एकीवर स्पेटलेझे लिहिलंय. तू म्हणालीस, जास्त गोड द्राक्षं. मग ती आंबट का लागते? मी चमचाभरच घेतली, औषध घेतात तशी. त्र्यंबककाकांनी अर्धा ग्लास घेतला आणि म्हणाले, "तुझ्या काढ्यापेक्षा बरी आहे."

उत्तर लवकर दे. मला झोप लागत नाही.

शरयूमावशी


मॉरिसव्हिल, ६ सप्टेंबर २००६

प्रिय मावशी,

उशीर झाला, माफ करा. आई आल्या आहेत, वीस ऑगस्टला. बरोबर घटासाठी नागपूरची माती आणली आहे, एअरपोर्टवर ती कशी सोडली देव जाणे.

तुमच्या शंका आधी. मळ्यांचं तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. पूर्वी तिथे तीसेक हजार मळ्यांची नावं होती. १९७१ च्या कायद्याने लहान तुकडे एकत्र करून ती पावणेतीन हजारांच्या आत आणली, आणि वर ही मोठी नावं दिली. आपल्याकडे जमिनींचं एकत्रीकरण झालं तसंच. आमच्या आजोबांचा आंब्याखालचा तुकडा ज्या गटात गेला, तिथे आंबाच नव्हता. आणि आंबटाचं म्हणाल तर साखर द्राक्षात मोजतात, बाटलीत नाही. ती सगळी आंबवून टाकली की वाइन कोरडी होते. लेबलवर 'ट्रोकन', म्हणजे 'कोरडी', लिहिलं असेल, बघा. मोझेल नदीच्या काठाला काळ्या पाटीच्या दगडाचे सरळसोट उतार आहेत, तिथला आंबटपणा तर प्रसिद्धच आहे.

आता खरं ते लिहिते.

परीक्षा तीस सप्टेंबरला आहे. शनिवार. अष्टमी. घरात घट बसलेले असणार, अखंड दिवा असणार, मला नऊ दिवसांचे उपास. आणि मी सकाळी उठून वाइन चाखायला जायचं! थुंकली तर उपास मोडतो का? द्राक्ष तर उपासाला चालतं. मला काहीच कळेनासं झालंय.

आणि नुसती परीक्षा असती तर सोडूनही दिली असती. आमच्या दिंडोरीजवळ एक नवी वायनरी निघालीय. दादा तिथे द्राक्षं घालतात. त्यांना चाखणारं माणूस हवंय, दर वर्षी हंगामाचे तीन महिने, जानेवारी ते मार्च. हे सर्टिफिकेट असेल तर ते मला घेणार आहेत. मावशी, दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला 'कधी येताय' असं विचारलंय. पण तीन महिने अनीशला सोडून, आई इथे असताना! हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही.

अनीशला तुम्ही अमेरिकेत आणलंत. या घरात तुमचा शब्द शेवटचा आहे. तुम्ही हो म्हणालात तर मी बसेन, नको म्हणालात तर नाही बसणार. तुमच्या पत्राची वाट बघते.

मन रमवायला एक गोष्ट सांगते, बाईंनी सांगितलेली. १७७५ साली तिथे ऱ्हाइनकाठी एका मठाचा मळा होता. द्राक्षं पिकली तरी लांबच्या धर्मगुरूंची लेखी परवानगी आल्याशिवाय तोडायची नाहीत असा नियम. त्या वर्षी परवानगी घेऊन येणारा घोडेस्वार वाटेत कुठे अडकला कुणास ठाऊक, काही आठवडे उशिरा आला. तोवर द्राक्षं सुकली, बुरशी धरली. तरी त्यांनी तीच उतरवली, आणि वाइन अशी झाली की सगळे थक्क. तेव्हापासून उशिरा उतरवलेल्या द्राक्षांची वाइन, म्हणजे स्पेटलेझे. मजा आहे ना?

सुलेखा


एडिसन, १८ सप्टेंबर २००६

चि. सुलेखा,

मजा कसली डोंबलाची? ते साधू मूर्ख होते. मणी डोळ्यांसमोर पिकलेत, जिभेला गोड लागताहेत, आणि हे रस्त्याकडे बघत बसले! एकदा वाइन चांगली झाली म्हणून गोष्ट सांगतात. नुसती सडून गेली असतील त्या वर्षांची गोष्ट कोण सांगतं?

मी सांगते. मी तुला जूनमध्ये खोटं लिहिलं. हे खोटं मी पस्तीस वर्षं सगळ्यांना सांगत आलेय, सुवर्णालासुद्धा. बॉस्टनची जागा मला मिळाली होती. पत्र आलं होतं, एक डिसेंबरपर्यंत कळवा म्हणून. तुझे काका म्हणाले, तू ठरव. हे लिहून ठेवते, त्यांच्यावर आळ नको. मीच म्हटलं, नवऱ्यापासून लांब राहायचं तर बाबांना विचारायला हवं. निळं एरोग्राम नागपूरला पाठवलं आणि रोज पेटीपाशी उभी राहायची. डिसेंबर उजाडला, तिकडे युद्ध सुरू झालं, टपालाचा पत्ता नाही. मी बॉस्टनला कळवलंच नाही. उत्तर आलं १९ जानेवारीला. बाबांनी एकच ओळ लिहिली होती. 'पोरी, यात मला विचारायचं काय? जा.'

ते एरोग्राम माझ्याकडे अजून आहे. बाबांना मी कळवलं, जागा मिळाली नाही. त्यांना वाईट वाटायला नको म्हणून. खरं म्हणजे मला स्वतःची लाज वाटत होती.

तेव्हा माझं उत्तर हे. परीक्षेला बस. दिंडोरीला जा. थुंकलं तरी थोडं पोटात जातंच, त्यामुळे उपास मोडतो. तो मोड. देवीला सांग, एडिसनच्या शरयूने मोडायला सांगितला. सुवर्णा रुसली तर मला पत्र लिहायला सांग, मी बघून घेते.

हे पत्र उद्या सकाळीच टाकते.

शरयूमावशी


मॉरिसव्हिल, ६ ऑक्टोबर २००६

प्रिय मावशी,

तुमचं पत्र काल, पाच ऑक्टोबरला मिळालं.

पाकिटावर आमच्या जुन्या अपार्टमेंटचा पत्ता आहे; जुलैचंही तसंच आलं असणार, आईंच्या गडबडीत मी पाहिलं नाही. पोस्टाने त्यावर पिवळी पट्टी चिकटवून ते कुठून कुठून फिरवून आणलंय. मावशी, नवा पत्ता डायरीत उतरवायचा राहिला ना?

मी रोज पेटीपाशी जात होते. सोमवार, मंगळवार, बुधवार. एक दिवस वाटायचं, तुम्ही रागावलात. दुसऱ्या दिवशी वाटायचं, उत्तर नाही म्हणजेच नको. शुक्रवारी पोस्टमन फक्त पिझ्झाची कुपनं टाकून गेला, आणि मी तिथेच, रस्त्यावर, कुपनं हातात धरून रडले. मग डोळे पुसले आणि मला आमचे दादा आठवले. यंत्राने अठरा दाखवल्यावर ते कुणालाही विचारत नाहीत, माझ्या आईलाही नाही. नुसते म्हणतात, उद्या तोडायचं.

शनिवारी सकाळी दिव्यात तेल घातलं आणि आईंना म्हटलं, "आई, मी परीक्षेला जातेय. वाइनची."

त्या फुलं निवडत होत्या. म्हणाल्या, "पिणार?"

"नाही. थुंकणार."

"मग नाही मोडत उपास." जरा वेळाने म्हणाल्या, "शरयूअक्काला विचारलंस?"

"विचारलं. उत्तर आलं नाही."

"मग?"

"मग जाते."

मला वाटलं, आता रामायण होणार. त्या उठल्या आणि राजगिऱ्याचे दोन लाडू डब्यात घालून दिले. "उत्तर यायचं तेव्हा येईल. गाडी नीट चालव, इथले लोक वेड्यासारखे हाकतात." मला अजून कळत नाही, त्या रागावल्या होत्या की नव्हत्या.

परीक्षेत सहावा ग्लास नाकाशी नेला आणि रॉकेल! हात आपोआप 'खराब'कडे गेला. मग डोळे मिटले. रॉकेलच्या मागे लिंबू होतं, मध होता, आणि ओली पाटी पुसल्यावर येतो तो वास. लिहिलं, जर्मनी, मोझेल, रिस्लिंग, स्पेटलेझे. बरोबर की चूक देव जाणे.

रात्री जेवताना अनीशला सगळं सांगितलं. सकाळचे ग्लास, दिंडोरी, तीन महिने. त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "यार सुलेखा, मावशीला चार पानं लिहिलीस. मला एकदा विचारावंसं नाही वाटलं?" आम्ही रोज थोडं थोडं बोलतोय. काल त्याने विचारलं, जानेवारीत दिंडोरीला थंडी असते का. हा होकार आहे की नुसती चौकशी?

तुमचं पत्र वाचून मी त्या एरोग्रामचा विचार करत बसलेय. तुमचा होकार मी देवापुढे ठेवलाय. उशिरा आला, पण मला हवा होता.

सुलेखा


एडिसन, १४ ऑक्टोबर २००६

चि. सुलेखा,

डायरी उघडून बघितली. नवा पत्ता नाही. तू बजावून लिहिलं होतंस आणि मी बाटल्यांच्या नादात विसरले. पस्तीस वर्षं ज्या गोष्टीसाठी टपालखात्याला शिव्या दिल्या, तीच मी तुझ्या बाबतीत करून बसले. दोन दिवस जेवण गेलं नाही. काका म्हणाले, "अगं, पण ती गेली ना?"

तू गेलीस. माझं पत्र वेळेवर आलं असतं तर 'मावशीने सांगितलं' म्हणून गेली असतीस, आणि पुढच्या वेळी परत मला विचारलं असतंस. मला वाईट वाटतंय आणि बरंही वाटतंय, दोन्ही एकदम. माझं मलाच समजत नाही.

अनीशचं म्हणणं खरं आहे. त्याला आधी सांगायला हवं होतंस. माझ्याकडून शिकायचं तेवढं शिक, ही लपवाछपवी नको.

निकाल आला की पत्राच्या भरवशावर राहू नकोस. फोन कर. मला ऐकू येत नाही, पण माझ्या फोनला वाजलं की दिवा लागतो. पास झालीस तर लागोपाठ दोनदा वाजव आणि ठेवून दे. नापास झालीस तर सविस्तर पत्र लिही, चूक कुठे झाली ते मला समजायला हवं.

शरयूमावशी


एडिसन, ११ नोव्हेंबर २००६

चि. सुलेखा,

काल दुपारी दिवा लागला. मी हातातलं पीठ तसंच ठेवून उभी राहिले. विझला. पुन्हा लागला. विझला. मी काकांना हाक मारली, पण ते झोपले होते.

आणि मग तिसऱ्यांदा लागला. आता तिसऱ्याचं आपलं काही ठरलं नव्हतं. तू होतीस, की सुवर्णा, की अनीश, की नुसता कुणी कार्पेट धुऊन देतो म्हणणारा, कळायला मार्ग नाही. मी पिठाच्या हाताने रिसीव्हर उचलला आणि मोठ्याने ओरडले, "जा पोरी, जा!" आणि ठेवून दिला.

कार्पेटवाला असेल तर गेला बिचारा. तू असशील तर नवा पत्ता डायरीत लिहिलाय, आणि दिंडोरीचाही पाठव.

शरयूमावशी